प्रतिसाद नाही

काचेला तडा गेलेला आणि पाठ फुगलेला मी एक जुना मोबाईल आहे, मित्रांनो. माझी बॅटरी आता फारशी साथ देत नाही, म्हणून थोडक्यात सांगतो.

कारखान्यात माझे हजारो भाऊ एकाच पट्ट्यावरून सरकत होते. त्यांतला मी एका शिवणकाम करणाऱ्या बाईच्या घरी आलो. पहिले काही दिवस तिच्या लेकीने मला रुमालात गुंडाळून ठेवले. शेजारणी म्हणायच्या, "फोटो काय झक्क येतात गं याचे!" कपड्यांचे नवे नमुने, दूर राहणाऱ्या मामाचा आवाज, लेकीचे धडे, सगळे माझ्यातून यायचे. मीही जरा चढून गेलो होतो.

मग रस्ता रुंद करायचे ठरले आणि त्यांची वस्ती पाडली. शेवटचा फोटो मीच काढला. त्यात शिलाई मशीन रस्त्यावर आहे आणि लेक शेजारी भांड्यांच्या पोत्यावर बसली आहे. कोणी रडत नाही. तेव्हा मला काय वाटले, ते आठवू जातो, तर काहीच हाती लागत नाही.

मायलेकी पुलाखाली राहू लागल्या. पाडलेल्या घराच्या बदल्यात खोली देणाऱ्या कचेरीत त्यांना सांगितले, "खोली लागली की फोन येईल. उचलायचा आणि हो म्हणायचं. नाही उचलला, तर खोली पुढच्याला."

तेव्हापासून आई मला पदराच्या गाठीत ठेवी.

"आई, परीक्षा तोंडावर आलीय. थोडा वेळ दे ना."

"बंद पडला तर खोली गेली बाई. खोली मिळाली की बस वाचत."

लेकीने पुन्हा विचारले नाही.

पुलाखाली वीज कुठली? पण समोर दुकान असलेले न्हावीकाका भले होते. "ठेव गं पोरी इथे. आरशाखालचा बोर्ड रिकामाच असतो," ते म्हणाले. रोज दुपारी लेक मला तिथे लावून जाई. मी कसाबसा भरायचो आणि वायर काढली की भराभर रिकामा व्हायचो.

एके दिवशी तिथेच मी वाजलो. काका एका गिऱ्हाइकाची दाढी करत होते. फेसाळ हातानेच त्यांनी मला उचलले. पलीकडून आईचे नाव विचारले. "आहेत, आहेत! समोरच आहेत, धरा जरा," म्हणत काकांनी वायर ओढली आणि अर्धी दाढी तशीच टाकून ते रस्ता ओलांडून धावले. "ताई, खोलीचा फोन!" आईने हात पुढे केला. तेवढ्यात मी विझलो.

तिघेही माझ्या काळ्या काचेकडे पाहत राहिले. मला पुन्हा भरून त्यांनी तो नंबर लावून पाहिला, तो लागेना. मग मायलेकी कचेरीत गेल्या.

कारकून संगणकाच्या पडद्याकडे बघत म्हणाला, "फोन मध्येच बंद झाला. इथे 'प्रतिसाद नाही' असं पडलंय. तुमचं नाव पुन्हा शेवटी गेलं."

"साहेब, मी समोर उभी आहे ना. घ्या, मी हो म्हणते."

"इथे म्हटलेलं चालत नाही, बाई. फोनवरच म्हणावं लागतं."

त्याचा आवाज वाईट नव्हता. दमलेला होता. त्या परत पुलाखाली आल्या. आईने चूल पेटवली, जेवण केले, भांडी पालथी घातली. मग पदराची गाठ सोडून मला लेकीच्या हातात दिले.

"घे. वाच."

"आणि संपला तर?"

"संपला तर संपला."

 लेकीने धडा उघडला.

मित्रांनो, तुमच्या दाराशी कोणी फोन लावायला जागा मागितली, तर द्या. आणि मोठे होऊन तुम्ही कधी कारकुनाच्या त्या खुर्चीत बसलात आणि समोर एखादी बाई उभी राहिली, तर माझ्यासारख्या यंत्राला विचारू नका. तिलाच विचारा.