चाकातलं नख

मौनीबाबा एकदा बोलायला लागला की दुसऱ्या कुणाला तोंड उघडायची सोय उरत नसे. मौनी हे नाव त्याला पडलं ते तो आवाज बंद करतो म्हणून. कुरकुरणारे पंखे, घुमणारे नळ, किंचाळणाऱ्या गाड्या, सगळ्यांना तो गप्प करी. स्वतःच्या तोंडाचा पट्टा तेवढा अखंड चालू.

गुरुवारी संध्याकाळी इमारतीमागच्या मोकळ्या जागेत पन्नास-साठ माणसं जमली होती. मधोमध एक छोटी पांढरी गाडी जॅकवर उचललेली. डाव्या बाजूचं पुढचं चाक उतरवून ठेवलेलं आणि त्या जागेभोवती चार भक्तांनी निळी चादर ताणून धरलेली. चादरीआड बाबा.

"डोळे मिटा! ज्याचे उघडे राहतील, त्याच्या घरी हा आवाज बिऱ्हाड करील!"

सगळ्यांनी पटापट डोळे मिटले. नाक्यावरच्या गॅरेजवाल्यानेही मिटले, वर हातही जोडले. आत्याने मात्र मिटले नाहीत. ती एकटीच राहायची. आला आवाज बिऱ्हाडाला तर तेवढीच सोबत, असं तिने मनात म्हटलं.

आत्या म्हणजे या गाडीच्या मालकाची धाकटी बहीण, शाळेत विज्ञान शिकवणारी. मालक आठ महिन्यांपूर्वी आजारपणात गेला. महिन्याभरापूर्वी वहिनीने धीर करून गाडी बाहेर काढली आणि पहिल्याच वळणावर डाव्या चाकातून बारीक, लांब किंकाळी आली. मग ती रोजच येऊ लागली. वहिनी घरी येऊन म्हणाली, "त्याचा जीव अडकलाय गं." तिथून मौनीबाबापर्यंत पोचायला असा कितीसा वेळ लागणार?

चादरीआडून आवाज आला. कट्!

"ऐकलंत? बंधनाची मान मोडली!" बाबा बाहेर आला. त्याच्या तळहातावर काळपट, वाकडं, नखाएवढं काहीतरी होतं. "हे त्याचं नख! जायचं नव्हतं बिचाऱ्याला. चाकाला नख रुतवून बसला होता. मी म्हटलं, बाबा रे, सोड आता. सोडलं त्याने!"

वहिनीला हुंदका आवरेना. बाबाने ते नख कागदाच्या पुडीत बांधून तिच्या हाती दिलं. चाक परत बसवलं. तिने गाडीच्या तीन फेऱ्या मारल्या. किंकाळी नाही, कुरकुर नाही, काहीच नाही. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. तळमजल्यावरच्या आजी तर बाबाच्या पायाच पडल्या.

"पण वासना शिल्लक आहे," बाबाने बोट वर केलं. "घरात त्याने आणून ठेवलेलं लोखंड आहे. आहे ना?"

होतं. मालकाने, म्हणजे आत्याच्या दादाने, ब्रेकच्या नव्या डिस्क आणि पॅड आणून ठेवले होते, हे दहा जणांना माहीत होतं. पण बाबाने ओळखलं म्हटल्यावर ज्यांनी त्याला सांगितलं असेल तेही थक्क झाले. ती खोकी रविवारी बाबाच्या हवाली करायचं ठरलं.

शनिवारी दुपारी आत्या वहिनीकडे गेली आणि आपल्याजवळच्या किल्लीने दार उघडून आत शिरली. वहिनी दोन्ही मुलांना घेऊन शाळेचे बूट आणायला गेली होती. सोमवारी शाळा सुरू होणार होती, आणि शाळा होती टेकडीच्या पायथ्याशी. आठ वळणांचा उतार, रोज वहिनीच मुलांना गाडीने सोडणार होती. खोकी दाराशीच बांधून ठेवलेली. एकावर दादाचं अक्षर होतं: 'पुढची चाकं. रविवारी.' चौघं बसून टेकडी उतरलं की ब्रेक तापतात म्हणून त्याने जास्त चांगल्या, खाचा पाडलेल्या डिस्क मागवल्या होत्या. "रविवारी बसवतो," असं म्हणत तीन रविवार गेले आणि मग तोच गेला.

ते अक्षर पाहून आत्याला रडू आलं. जाऊ देण्याआधी एकदा बघावं म्हणून तिने पॅडचं पाकीट फोडलं. आत चार पॅड होते. चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमट्यात धरून थांबवतात ते हे. त्यातल्या दोन पॅडच्या कडेला एकेक बारीक, वाकडी पोलादी पट्टी होती. नखाएवढी.

सोबतच्या कागदावर चित्र होतं आणि खाली मजकूर: पॅड झिजून पातळ झाला की ही पट्टी डिस्कला घासून आवाज करते. आवाज येताच पॅड बदला.

आत्याला आधी हसू फुटलं. मग गुरुवारचं ते 'कट्' आठवलं आणि सोमवारचा उतार आठवला. बाबाने पट्टी मोडली होती, झिजलेला पॅड चाकात तसाच होता.

ती तशीच गॅरेजवाल्याकडे गेली. तो मान खाली घालून ऐकत राहिला.

"मला गुरुवारीच कळलं होतं, बाई."

"मग मूग गिळून का बसलात? वर हात जोडून?"

"मागे एकाच्या गाडीबद्दल बोललो होतो. बाबाचा शाप आहे म्हणून लोक माझ्या दारावरून वळून जायला लागले. मला पण घर आहे ना."

"उद्या या. सोनारानेच कान टोचावेत. मी मास्तरीण, माझं कोण ऐकणार?"

"बघतो," तो म्हणाला. आत्याला त्याचा भरवसा वाटला नाही.

संध्याकाळी तिने वहिनीपुढे पॅड ठेवला, कागद वाचून दाखवला. वहिनीने कागदाकडे पाहिलंच नाही.

"आठ महिन्यांनी मला परवा झोप लागली. ती पण काढून घ्यायचीय का तुला?"

"वहिनी, मुलं बसणार आहेत गं त्या गाडीत."

"आता आवाज येत नाही ना? मग झालं."

आत्या रात्रभर तळमळली. गाडीची किल्ली चोरावी, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

रविवारी पुन्हा गर्दी जमली. बाबाची टकळी सुरूच होती. "लोखंडात वासना शिरते, मंडळी! ते घरात ठेवलं तर आज गाडी ओरडली, उद्या भिंती ओरडतील!"

आत्या नवा पॅड हातात धरून पुढे झाली. "बाबा, हे नख कुणाचं?"

बाबा क्षणभर अडखळला. "त्याचंच! वासनेला नख फुटलं."

"कारखान्यात पाकीट बंद केलं तेव्हा माझा भाऊ जिवंत होता. मी ते काल फोडलं. आत दोन नखं निघाली, आणि कागदावर त्यांचं चित्रही छापलंय. भुताच्या नखाचं माप कारखान्याला कोण कळवतं, बाबा?"

मागून कुणीतरी फिसकन हसलं. बाबा शास्त्रापलीकडच्या शक्तींबद्दल बोलू लागला, तेवढ्यात गर्दीतून पाना घेऊन गॅरेजवाला आला. कुणाकडे न बघता त्याने गाडी जॅकवर चढवली, चाक उतरवलं आणि जुना पॅड काढून सगळ्यांपुढे धरला. या वेळी चादर नव्हती.

"हा बघा. पुठ्ठ्याएवढा उरलाय. पाठीला ग्रीस फासलंय, आवाज दबावा म्हणून. आणि इथे पट्टी मोडलीय, पकडीने."

वहिनीने पर्समधून कागदाची पुडी काढली. तीन दिवस जपलेलं ते नख तिने स्वतःच मोडक्या जागी लावून पाहिलं. ते बरोब्बर बसलं. 

"मला वाटायचं, तो हाक मारतोय," ती हळूच म्हणाली.

"मलाही पहिल्या दिवशी तसंच वाटलं होतं," आत्या म्हणाली. दादाची हाक ऐकायला मिळाली असती तर तिने काय दिलं नसतं? पण ती त्याची हाक नव्हती.

"असेच आठ-दहा दिवस टेकडी उतरला असतात तर लोखंडावर लोखंड आलं असतं," गॅरेजवाला म्हणाला. "मग ब्रेकवर पाय कितीही दाबा." हे बोलताना तो वहिनीजवळ उभ्या असलेल्या तिच्या मुलांकडे बघत होता. गुरुवारी जोडलेले हात आता त्याला कुठे ठेवावे ते कळत नव्हतं.

सगळ्यांनी बाबाकडे पाहिलं. बाबा आयुष्यात पहिल्यांदाच नावाला जागला. एक शब्दही न बोलता तो गर्दीच्या कडेने सटकला आणि त्याच्यामागून चारही भक्त.

तळमजल्यावरच्या आजींना मात्र ते पटेना. "काही म्हणा, आवाज तर थांबवला होता ना त्याने?"

"आवाज थांबला, आजी," वहिनी म्हणाली. "गाडी थांबली नसती."

वहिनीने डोळे पुसले आणि ती गर्दीकडे वळली. "तुमच्यापैकी ज्यांच्या गाड्या त्याने गप्प केल्यात, त्यांनी आज गाडी काढू नका. आधी चाक उघडून घ्या. मी दुःखात होते, म्हणून काही विचारलं नाही. तुम्ही विचारा. आवाज का येतोय, तो कशाने थांबला, काय काढलंत, दाखवा. जो दाखवत नसेल त्याच्या हाती स्वतःची पोरं देऊ नका."

मग तिने खोकी उचलून गॅरेजवाल्यापुढे ठेवली. "बसवा. दोन्ही बाजूंना बसवा. मी इथेच उभी राहून बघणार आहे."