अर्धा मिलीअँपिअर

उत्तरपत्रिका हातात पडली आणि पुष्पा चक्रावलीच. सर्किटच्या पेपरात दहा मार्कांच्या गणिताला लाल शाईचा भला मोठा भोपळा! तिनं तिथंच बाकावर गणित पुन्हा सोडवलं. उत्तर तेच आलं, अर्धा मिलीअँपिअर. मग ती उठली ती थेट ढोबळे सरांच्या टेबलापाशी.

"सर, माझं उत्तर बरोबर हाय."

२००३ साल होतं. जुन्नरकडच्या एका पॉलिटेक्निकात ती इलेक्ट्रिकलला होती. घर मढ गावात, वडील यमाजी अजून मेंढरं राखत. आणि ढोबळे सर अकरा वर्षं हाच विषय शिकवत आलेले. त्यांच्या वहीत या गणिताचं उत्तर पॉइंट त्र्याऐंशी होतं. वर्गातल्या चाळीस जणांनी वही घोकून तेच लिहिलं होतं, आणि पैकीच्या पैकी मार्क घेतले होते.

"अकरा वर्षांत कुणी काही बोललं नाही, पुष्पा."

"मी बोलते ना, सर. खडू द्या."

वर्ग खिदळला. पुष्पानं फळ्यावर दहा व्होल्टची बॅटरी काढली, पाच रेझिस्टन्स जोडले आणि पाचव्यावर, मधल्या फांदीवर बोट ठेवलं.

"वहीप्रमाणं ह्या फांदीच्या टोकाला, जिथं तारा मिळत्यात त्या नोडला, वरून करंट येतो एक पॉइंट सदुसष्ट. खाली जातो तो बी तेवढाच. मग मधल्या फांदीतला पॉइंट त्र्याऐंशी आला कुठनं? आमची मेंढरं फाट्यावर दोन वाटांनी पांगली, तरी मोजल्यावर आली तेवढीच भरत्यात. एक बी जादा निघत न्हाई."

मग तिनं आपले आकडे मांडले. वरून दोन, खाली दीड, मधून अर्धा. हिशेब चोख जुळला.

सरांनी फळ्यावरचा हिशेब स्वतः एकदा करून बघितला. "चला, लॅबमध्ये," एवढंच बोलले.

त्यांनी स्वतःच्या हातानं सर्किट जोडलं, मधल्या फांदीत मीटर घातला आणि स्विच दाबला. काटा अर्ध्या मिलीअँपिअरवर जाऊन थांबला. सरांनी चष्मा काढून पुसला.

"मधला रेझिस्टन्स काढून व्होल्टेज बरोबर काढलं मी, पण तो परत जोडताना बाकीच्या सर्किटचा रेझिस्टन्स धरायचाच राहिला. चूक माझी. पेपर सगळे पुन्हा तपासणार."

पुष्पाला हायसं वाटलं, पण बाहेर येईपर्यंतच. व्हरांड्यात तिच्याच वर्गातला, निमगाव सावा गावचा ऋषी तिची वाटच बघत होता.

"तुझ्या अर्ध्यापायी माझे दहा गेले. आता नापासच व्हतोय मी!"

शेजारी बसणारी स्नेहलसुद्धा त्या दिवशी तिच्याशी बोलली नाही. पुष्पाला वाईट वाटलं, पण उत्तर मागं घ्यावं असं काही वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा सरांसमोर उभी.

"सर, त्यांनी तुमचंच लिहिलं. त्यांना पुन्हा संधी द्या. तयारी मी करून घेते."

"चाळीस जणांची?"

"येतील तेवढ्यांची."

सरांनी पंधरा दिवस दिले.

पहिल्या दुपारी तिघंच आले. त्यात स्नेहल होती, मान खाली घालून. आठवड्यात बाकं भरली. सगळ्यात शेवटी ऋषी आला आणि दारापाशीच बसला.

"वह्या मिटा," पुष्पा म्हणायची. "आधी करंटचे बाण काढा, मग समीकरण."

"माझं उत्तर वजा येतंय," एकदा ऋषी वैतागून ओरडला.

"मग घाबरतोस कशाला? बाण उलटा काढलास, एवढंच. आकडा बरोबर हाय तुझा."

ऋषीनं पुन्हा कागद बघितला. त्या दिवसापासून तो पुढच्या बाकावर बसू लागला.

फेरपरीक्षेला सरांनी कुठल्याच वहीत नसलेलं सर्किट घातलं. चाळिसांतले छत्तीस सुटले. ऋषीला दहापैकी आठ मिळाले, स्नेहलला नऊ. उरलेल्या चौघांना सरांनी स्वतःपाशी बसवून घेतलं. आणि भर वर्गात आपल्या वहीतल्या त्या पानावर आडवी रेघ मारून पुष्पाची रीत उतरवून घेतली.

तास सुटल्यावर ऋषी तिच्यापाशी आला.

"एसी करंटचा धडा कधी घेतीस?"

"सोमवारी," पुष्पा म्हणाली. "आणि ह्या खेपेला पयला फळ्यावर तू यायचं."

"येतो की!" ऋषी म्हणाला.