कुणी कुणाचा हात धरायचा

वादळाचा पहिला इशारा आला त्या दुपारी, पाण्यात भिजवलेला पखाळभात खाऊन झाल्यावर बापांनी आम्हा सर्वांना ओसरीवर बसवले आणि कुणी काय करायचे ते वाटून दिले. आईने पोहे, गूळ आणि कागदपत्रे घ्यायची. ध्रुबकाकांनी गाईंची दावी सोडायची. माझा धाकटा भाऊ केरळात कामाला होता. त्याची बायको मिनती दाराआड तान्ह्या मुलीला घेऊन उभी होती.

"अक्षयनं एका हातानं मुलीला घ्यायचं, दुसऱ्या हातानं मिनतीचा हात धरायचा," बापा म्हणाले. "निवाऱ्याची इमारत येईपर्यंत सोडायचा नाही."

मिनतीच्या बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. मी, अक्षय, तिचा मोठा दीर. आमच्यात मोठ्या दिराने धाकट्या भावजयीला शिवू नये, तिने त्याच्यासमोर बोलू नये. दोन वर्षांत मी तिचा आवाज ऐकला नव्हता.

"म्हातारचळ लागलाय!" आई म्हणाली. "गाव तोंडात शेण घालेल."

"घालू दे. शेण धुता येतं."

काका हसले. "भाई, दोघांना दोरी धरू दे की. रीतही राहील."

"दोरीनं हाक ओळखता येत नाही, ध्रुब."

काकांचे हसू मावळले. पंचवीस वर्षांपूर्वीच्या वादळात त्यांची बायको कुंतला वाहून गेली होती. काका तेव्हा कोलकात्याला आचारी होते. आई बाळंतपणाला माहेरी होती आणि मला, दोन वर्षांच्या पोराला, काकीने हट्टाने ठेवून घेतले होते. बापा मला खांद्यावर घेऊन पुढे निघाले होते, मागून येणाऱ्या काकीकडे रीतीप्रमाणे न पाहता.

"ती कधी वाहून गेली ते कळलंच नाही, असं सांगितलं होतं तुला मी," बापा म्हणाले. "खोटं होतं ते. बांधावर असताना एका बाईनं हाक मारली. दोनदा. नुसतं 'थांबा, थांबा'. माझं नाव कसं घेणार ती? मला वाटलं, दुसरी कुणी असेल, तिचं माणूस असेल तिच्यापाशी. सात वर्षं तिच्या हातचं जेवलो रे. आवाज कधी ऐकला नव्हता."

काका अगदी हळू म्हणाले, "मी समजत होतो, तिला हाक मारायलाही वेळ मिळाला नाही. तेवढ्यावर झोप लागायची मला, भाई."

बापांनी दाराकडे तोंड केले. "पोरी, बोल. अक्षयला ऐकू दे."

दाराआड बांगड्या पुन्हा वाजल्या. मग एक घोगरा, अनोळखी आवाज आला, "भाई, मुलगी रडेल तुमच्याकडं. रडू द्या."

"बरं," मी म्हणालो. मला मान वर करवेना.

काका उठले. चप्पल पायात सरकवताना त्यांचा तोल गेला. बापांनी धरायला हात पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला.

"गाईंचं मी बघतो," ते म्हणाले. "पण निघताना माझ्यासाठी थांबू नकोस. मी माझा येईन."