स्वर्गाच्या कागदातला नवरा

कामगोल गावातल्या म्हाताऱ्यांच्या मंडळात मुंगी शिरायला जागा नव्हती. पाच विधवा खिडकीपाशी कोरे कागद उजेडात धरून हुंदके देत होत्या. कागदात दिसत होता एकेकीचा मेलेला नवरा!

"हा कागद माणसाच्या यंत्रातला नव्हे, स्वर्गातल्या ढगाचा!" ते कागद वाटणारे चिलसंग बाबा डोळे मिटून म्हणाले. बाबा म्हणे निव्वळ पाइनचा पाला खाऊन जगत. पोट मात्र पाल्यावर वाढलेलं वाटत नव्हतं.

ह्येरिमला हसू आलं असतं, पण त्या पाचजणींतली तिची आजी जोमऱ्ये मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नाही म्हणून हटून बसली होती. डोळ्याला लोखंड लागलं की नवरा कायमचा जाईल, असं बाबांनी बजावलं होतं. आजी पुरती आंधळी होणार, या भीतीने ह्येरिमचा जीव कासावीस झाला होता.

"आजी, तुला समोरची मी दिसत नाही, आजोबा कसे दिसले गं?"

"बाबांनी सांगितलं ना, नाक इथे, मिशी तिथे! प्रयोगशाळेत कागद तपासतेस म्हणून स्वर्गाला शिकवू नकोस."

ह्येरिमने पाचही कागद मागून घेतले. दुपारी मागवलेल्या तळलेल्या कोंबडीच्या खोक्यातला कोरडा कागदही घेतला. सगळ्यांचे खालून उजेड देऊन फोटो काढले आणि कॉम्प्युटर मंडळाच्या टीव्हीला जोडला. पडद्यावर तिने डाग पुसले, तशी कागदाची वीण ठळक झाली.

"कागद बनताना यंत्राच्या जाळीची वीण त्यात उमटते. ढगाला कुठली जाळी? आणि कोंबडीच्या कागदाची वीण बघा. तीच!"

"स्वर्गातही जाळी असते!" बाबा गरजले.

"आणि कोंबडीवालाही?" गावप्रमुखांनी विचारलं.

मग तिने पडद्यावर पाचही चेहरे एकमेकांवर ठेवले. मिशीच्या टोकाचाही फरक नाही. शेजारची बोकनिम किंचाळली, "म्हणजे आपल्या पाचजणींचा एकच नवरा होता? तरीच मेला रात्री घरी नसायचा!"

ह्येरिमने पुठ्ठ्यात एक चेहरा कापला, तो साचा कोंबडीच्या कागदावर ठेवून तेलाचा बोळा फिरवला आणि कागद खिडकीशी धरला. नवरा हजर! "तेल लागलं की कागदातून उजेड जास्त जातो. चमत्कार एवढाच."

बाबांची चप्पल दाराशी होती, बाबा नव्हते.

जोमऱ्येने कागद हुंगला. "तेल तरी तिळाचं वापरायचं मेल्याने," म्हणाली, आणि रडली. नवरा दुसऱ्यांदा गेल्यासारखं तिला वाटलं. पण ऑपरेशनला मात्र ती गेली.

पट्टी निघाली तशी मंडळात येऊन तिने तोच कागद खिडकीशी धरून नीट पाहिला. "हा? आमचे हे याच्यापेक्षा कितीतरी देखणे होते! बायांनो, दुसरा सांगेल ते बघू नका. आधी डोळे नीट करा, मग आपलं आपण बघा."

"आणि काही दिसलंच नाही तर?" बोकनिमने विचारलं.

"तर नाही दिसलं म्हणायचं. नवरा गेलाय गं आपला, अक्कल नाही."