उभ्या बाजूच्या कठड्याची कैफियत

मित्रांनो, थोडा वेळ डोळे मिटता का? समजा, शनिवारची दुपार आहे. नदीवरून बोचरा वारा येतो आहे आणि तुम्ही सिमेंटच्या रुंद पायऱ्यांवर उभे आहात. पुढे माणसं, मागे माणसं, दोन्ही बाजूंनाही माणसंच. कुणाच्या कोटाला ओल्या लोकरीचा वास येतो आहे, कुणाच्या हातात वाटाण्याच्या रश्शात बुडालेली खिम्याची पेस्ट्री आहे. खाली सामना सुरू झाला आहे, पण तो तुम्हाला फक्त ऐकू येतो, कारण डोळ्यांसमोर कुणाची तरी पाठ आहे. तेवढ्यात एक अनोळखी माणूस वाकतो, "चल, वर ये," म्हणतो आणि काखेत हात घालून तुम्हाला उचलतो. आता तुम्ही एका गोल, गार लोखंडी नळीवर बसला आहात आणि सगळं हिरवं मैदान तुमच्यापुढे पसरलं आहे.

ती नळी म्हणजे मी. स्केल्डरबी गावच्या फुटबॉल मैदानावरचा मी एक जुना कठडा आहे.

माझा जन्म नदीकाठच्या कारखान्यात झाला. तिथे बॉयलरच्या नळ्या बनत. माझ्यासारख्या पुष्कळ नळ्या एकदम कापल्या, वाकवल्या आणि गोलपोस्टच्या मागच्या पायऱ्यांत पुरल्या. आम्हाला काम दिलं होतं ते साधं, पण जबाबदारीचं. गोल झाला की गर्दी लाटेसारखी खाली येते. ती लाट अडवायची, पुढच्या ओळीतली माणसं चिरडू द्यायची नाहीत. मोठी माणसं आमच्यावर रेलत आणि लहान मुलं वर बसत. त्या बाजूला एकही खुर्ची नव्हती, म्हणून तिला सगळे 'उभी बाजू' म्हणत.

आमच्या गावात पूर्वी जहाजांचे दोर वळत. म्हणून आमच्या संघाला 'दोरवाले' हे नाव पडलं. आणि दोरवाल्यांचं एक गाणं होतं.

पायऱ्यांवर सिमेंट ओतताना माझ्या भावंडांच्या पोटात ते शिरलं आणि ती मुकी झाली. माझ्या पोटात मात्र ते गेलं नाही. मी आतून पोकळच राहिलो. माझ्यावर तळहाताने थाप मारली की आवाज आत घुमतो आणि पार दुसऱ्या टोकापर्यंत जातो. त्यामुळे गाणं सुरू व्हायचं ते माझ्यापासून. कुणीतरी एकाने थाप धरायची, पहिली ओळ एकट्याने म्हणायची आणि मग सगळी बाजू उचलायची:

दोर ओढा, दोर ओढा,
खांद्याला खांदा जोडा,
एक गेला तर गेला गड्या,
अजून वेळ आहे थोडा!

पण मित्रांनो, या गाण्याचा एक कडक नियम होता. आपला संघ मागे पडला असेल तरच ते म्हणायचं. सुरुवातीला नाही, बरोबरी असताना नाही आणि जिंकत असताना तर मुळीच नाही. पुढे असताना दोर ओढायचा कशाला? नव्या माणसाने चुकून आधीच तोंड उघडलं की चारही बाजूंनी ओरडा व्हायचा, "ए, गप! कुठून आलास रे अपशकुनी?" बाहेरगावचा एक गोलरक्षक एकदा म्हणाला होता, "इथे गोल खाल्ला तर वाईट वाटतं, पण गोल वाचवायचा असला की त्याहून वाईट वाटतं. ही बाजू मानेवर श्वास सोडते." त्या दिवशी मला जो आनंद झाला, तो नव्या रंगानेही कधी झाला नाही.

थाप धरण्याचा मान पुष्कळ वर्षं हेडली ओल्डरॉइड यांच्याकडे होता. ते सुतारकाम करत. त्यांचा तळवा फळीसारखा टणक होता आणि आवाज त्याहून टणक. त्यांच्या शेजारी मॉरीन नावाच्या बाई उभ्या राहत. त्या पंचाला शिव्या देत, पण पुढे लहान मूल असेल तर आधी त्याचे कान झाकत.

मग आमचा संघ जिंकत जिंकत वरच्या गटात गेला. त्या दिवशी लोकांनी मला मिठ्या मारल्या. हेडलींनी तर माझा मुका घेतला. पण वरच्या गटाचा नियम होता की सगळ्यांना बसायला खुर्ची हवी.

इथे मला तुम्हाला एक खरं सांगितलं पाहिजे. खुर्च्या वाईट नसतात. दुसऱ्या गावांत गर्दीत माणसं दगावली होती आणि असले नियम त्या दुःखातून आले होते. माणसाचा जीव गाण्याहून मोठाच असतो. म्हणून भावंडांना कापून नेलं तेव्हा मी रडलो, पण रागावलो नाही. मी एकटा उरलो, कारण मी अगदी वरच्या कोपऱ्यात, जिन्याच्या तोंडाशी होतो आणि तिथे खुर्ची बसत नव्हती. येत्या उन्हाळ्यात जिना अरुंद करून तिथेही दोन खुर्च्या बसवणार आहेत, असं ऐकतो.

मला राग आला तो त्यानंतरच्या गोष्टींचा.

वर्षानुवर्षं शेजारी उभी राहिलेली माणसं संगणकाने वाटेल तशी विखरून टाकली. हेडलींना मैदानाच्या पार दुसऱ्या अंगाला, खांबामागे खुर्ची मिळाली. मॉरीन यांना मिळाली ती थेट कोपऱ्याच्या झेंड्याजवळ. चहाची टपरी गेली. आता चहा मागवायला फोन लागतो आणि तो येईपर्यंत मध्यंतर संपतं. दूरदर्शनवाल्यांच्या सोयीसाठी सामने कधी भर दुपारी, कधी सोमवारी. आणि बाजू गप्प झाली. गप्प झाली म्हणून कारभाऱ्यांनी एक उपाय काढला. त्यांनी आमचंच गाणं भाड्याच्या गायकांकडून म्हणवून घेतलं, त्यात बाजा घातला आणि ते कर्ण्यांवरून वाजवायला सुरुवात केली. तेही कधी? संघ मैदानात येताना!

पहिल्यांदा ते वाजलं तेव्हा मॉरीन आणि हेडली जिन्यात माझ्याजवळच उभे होते. मॉरीन यांच्या हातातला कप तसाच राहिला.

"अहो, अजून चेंडूला पाय लागला नाही! कोण मागे पडलंय?"

"आपण पडलोय," हेडली म्हणाले. "गेल्याच उन्हाळ्यात पडलो, खुर्च्या बसल्या तेव्हा."

मी मात्र तिथेच होतो, गंजत. जिना झाडणारे माझ्यावर ओली फडकी वाळत घालत. कुणी मला थाप मारत नव्हतं.

आता गेल्या शनिवारची गोष्ट ऐका. हेडली नातीला घेऊन आले होते. तिचं नाव टॅन्सी. वय नऊ, समोरचे दात नुकतेच आलेले, स्वभाव आजोबांचा. गाणं तिला पाठ होतं, पण ते ती घरीच, स्वयंपाकघराच्या टेबलावर थाप मारून शिकली होती. खरं, सगळ्या बाजूने उचललेलं गाणं तिने कधीच ऐकलं नव्हतं. ते एकदा तरी ऐकवतो, असं आजोबांनी तिला कबूल केलं होतं आणि हा माझा शेवटचा हिवाळा होता.

दोघं खांबामागच्या खुर्च्या सोडून सगळा वळसा घालून माझ्याकडे आले. जिन्यावर झुबेर नावाचा तरुण केशरी जाकीट घालून राखणीला उभा होता.

"हेडलीकाका, इथे नाही थांबता येत हो. जिना मोकळा ठेवायचाय. मला बोलणी बसतात."

"झुबेर, तुझ्या बापाला मी या कठड्यावर उचलून बसवलंय. पहिला गोल बघून त्याने माझ्या टोपीत ओकारी केली होती."

"माहितेय. घरी अजून सांगतात. दर ईदला."

"मग?"

झुबेरने इकडे तिकडे पाहिलं. "मध्यंतरापर्यंतच. भिंतीला चिकटून उभे राहा. आणि मी तुम्हाला पाहिलेलंच नाही."

पाहुण्यांनी गोल केला. एक शून्य. आम्ही मागे पडलो होतो. माझ्या अंगातून गंजापर्यंत शिरशिरी गेली. हेडलींनी हातमोजे काढून खिशात कोंबले आणि दोन्ही हात वर उचलले. टॅन्सीने श्वास रोखला.

त्यांची पहिली थाप माझ्यावर पडली आणि त्याच क्षणी डोक्यावरचे कर्णे खणखणले. तेच गाणं, पण धावत सुटलेलं. दोर ओढणाऱ्यांना दम घ्यायलाही जागा नाही. हेडली ओरडून गाऊ लागले. मी त्यांच्या हाताखाली जीव तोडून वाजत होतो. पण दोन पायऱ्यांपलीकडे आमच्यातलं काहीही पोचत नव्हतं. लोक खुर्च्यांत बसून राहिले. एकजण मागे वळून म्हणाला, "आजोबा, लावलंय की त्यांनी. कशाला घसा फोडता?"

हेडलींचे हात थांबले. त्यांनी खिशातून मोजे काढले आणि एकेक बोट सावकाश आत घातलं.

"चल पोरी, घरी."

"पण सामना संपला नाही."

"माझा संपला. यंत्राशी भांडायचं वय राहिलं नाही माझं."

मित्रांनो, त्या माणसाने सामना अर्धवट सोडून जाताना मी कधी पाहिलं नव्हतं. पावसात नाही, सहा गोल खाल्ल्यावरही नाही. ते फाटकाकडे निघाले. टॅन्सी मात्र हलली नाही. तिचे कान लाल झाले होते. मग ती वळली आणि माझ्या मागेच असलेल्या काचेच्या खोलीकडे गेली. त्या खोलीत बसून एक गृहस्थ कर्ण्यांवरून घोषणा करतात आणि गाणी लावतात. तिने काचेवर टकटक केलं. खिडकी सरकली.

"काय गं? हरवलीस का?"

"नाही. तुम्ही हे गाणं का लावता?"

"तुम्ही गात नाही म्हणून."

"तुम्ही लावता म्हणून आम्ही गात नाही!"

गृहस्थांनी चष्मा कपाळावर चढवला. "बाळा, मी काय माझ्या मनाने लावतो? मला सांगून ठेवलंय, मैदान शांत झालं की लगेच लावायचं. शांतता दूरदर्शनवर वाईट दिसते म्हणे."

"माझे आजोबा गात होते. तुम्ही त्यांच्या गाण्यावर हे लावलं."

"मला नाही ऐकू आलं."

"कसं येणार? तुमची काच बंद!"

 त्यांनी एक बटण खाली ओढलं आणि गाणं मधल्याच ओळीत तुटलं.

"हे बघ, आता मी काच उघडी ठेवतो. पण फार वेळ शांत राहिलं तर मला पुन्हा लावावं लागेल. नाहीतर माझी नोकरी जाईल. काय करायचं ते लवकर कर."

गाणं बंद झालं आणि सगळ्या बाजूवर अशी शांतता पसरली की खालच्या खेळाडूंच्या हाका ऐकू येऊ लागल्या. लोक एकमेकांकडे पाहू लागले. काय बिघडलं, असं त्यांना वाटलं असावं.

जाता जाता तुम्हाला एक मागणं मागतो. तुमच्या गावातही जुन्या वस्तू काढून नव्या बसवतील. बसवू द्या, कधी कधी ते गरजेचंही असतं. पण त्याआधी त्या वस्तूपाशी माणसं एकत्र येऊन काय करतात, ते एकदा कुणाला तरी विचारायला सांगा. लोखंड काय, पुन्हा वितळवता येतं. विखुरलेली माणसं पुन्हा शेजारी शेजारी उभी करणं फार अवघड असतं. आणि जे स्वतःच्या गळ्याने म्हणायचं, ते यंत्राकडे सोपवू नका.

तर, टॅन्सी पळत माझ्याकडे आली. फाटकाशी पोचलेल्या आजोबांना तिने हाक मारली नाही. ती माझ्यावर चढू लागली, तिचा बूट गंजावरून घसरला. झुबेर पुढे आला. मला वाटलं, आता तो तिला उतरवणार. त्याने तिच्या काखेत हात घातले आणि तिला वर बसवलं.

तिने दोन्ही हातांनी थाप मारली. तिचे हात लहान होते, पण मी पोकळ आहे. मी घुमलो.

"दोर ओढा, दोर ओढा," तिने एकटीने म्हटलं. आवाज बारीक होता आणि मध्येच चिरकला.

कुणीच उचललं नाही. पुढच्या रांगांतल्या माना तेवढ्या वळल्या. फाटकाशी हेडली थांबले होते, पण त्यांची पाठ अजून आमच्याकडेच होती. काचेच्या खोलीतले गृहस्थ बटणावर बोट ठेवून बसले होते.

टॅन्सीने नाक पुसलं, श्वास भरून घेतला आणि आधीपेक्षा जोरात थाप मारत दुसरी ओळ सुरू केली.