खोटा ड्राइव्ह

अप्पा गेल्याला आठवा दिवस होता आणि उत्तरकार्याचं पत्र अजून छापायला गेलं नव्हतं. चाळीला हे चमत्कारिक वाटत होतं, कारण गेली वीस वर्षं चाळीत कुणी गेलं की तिसऱ्या दिवशी पत्र तयार असे, आणि ते अप्पांनीच जुळवलेलं असे. गिरगावातल्या एका छापखान्यात त्यांनी आधी शिशाचे खिळे जुळवले, मग संगणकावर अक्षरं जुळवली. निवृत्त होताना मालकांनी शाल-नारळाऐवजी जुना संगणक आणि जुळणीच्या प्रोग्रामची सीडी दिली. तेव्हापासून परळच्या त्या खोलीतून लग्नंही निघाली आणि उत्तरकार्यंही.

अप्पांच्या मुलाचं, हितेंद्रचं म्हणणं होतं की व्हॉट्सॲपवर समईचं चित्र टाकू, पाच मिनिटांचं काम आहे. बाबुरावकाका, म्हणजे अप्पांचे धाकटे भाऊ, कॉटन ग्रीनहून रोज येऊन दाराशी खुर्ची टाकून बसत. त्यांना पत्र कागदावर हवं होतं आणि लालबागच्या छपाईच्या दुकानात मजकूर द्यायला ते स्वतः जायला तयार होते. हितेंद्रच्या बहिणीला, अनुजाला मात्र पत्र अप्पांच्याच संगणकावर, अप्पांच्याच पद्धतीने आणि स्वतः जुळवायचं होतं. का, ते तिने सांगितलं नाही. काकांनी ते ओळखलं.

"लगीन झालेल्या चेडवाचा नाव पत्रात घालणत नाय, अनू," ते म्हणाले. "तुझ्या बापाशीनच आख्ख्या चाळीक ह्यां शिकवल्यान."

ते खरंच होतं, लग्न झालेली मुलगी अप्पांच्या पत्रात येत नसे. नऊ वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा अप्पांनी जुळवलेल्या पत्रात शोकाकुल म्हणून खाली अप्पांचं नाव होतं, मग एक ओळ मोकळी, मग हितेंद्र आणि समस्त परिवार. अनुजाने ते दादरला सासरी वाचलं आणि फाडलं. असलं पत्र घरात ठेवत नाहीत, वाचून फाडतात. त्यामुळे अप्पांचं एवढ्या वर्षांचं हे काम कुणाच्याच घरी शिल्लक नव्हतं, आणि आपलं नाव वगळलं हे दाखवायला अनुजाकडेही काही नव्हतं. तिने अप्पांना कधी विचारलं नाही. अप्पाही बोलले नाहीत. पुढे सगळ्याच पत्रांत ती एक ओळ मोकळी यायला लागली. चाळीला वाटलं, ही त्यांची स्टाइल.

संगणक सुरू झाला. प्रोग्रामवर क्लिक केल्यावर त्याने मूळ सीडी ड्राइव्हमध्ये घालायला सांगितलं. सीडी असल्याशिवाय तो कुणालाच आत घेत नसे.

मूळ सीडी गॅलरीत होती. कबुतरांनी येऊ नये म्हणून अप्पांनी ती सुतळीने टांगली होती. हितेंद्रने ती सोडवून भांडी घासायच्या साबणाने धुतली. उन्हाने तिचा चंदेरी पापुद्रा सुटला होता, तिच्यातून समोरची इमारत दिसत होती. अप्पांसारखा माणूस अशी वस्तू कबुतरांना कशी देतो, हे हितेंद्रला कळेना. शिवाय संगणकाचा ट्रे उघडतच नव्हता, म्हणजे सीडी शाबूत असती तरी तशीच हातात राहिली असती.

मग अनुजाला डी ड्राइव्हमध्ये एक मोठी फाईल सापडली. नाव होतं 'मूळ सीडीची प्रत'. हितेंद्र म्हणाला, ही इमेज आहे, सीडीवर राइट करायची की झालं. कोरी सीडी मिळायला त्याला परळपासून चिंचपोकळीपर्यंत सात दुकानं लागली. सातव्या दुकानदाराने पोटमाळ्यावरून एक काढून दिली आणि हिचं करणार काय, असं आपुलकीने विचारलं. बाहेरून जोडायचा ड्राइव्ह त्याने ऑफिसातल्या मानसीकडून आणला. फाईल कोऱ्या सीडीवर ओढून टाकली, ती गेलीही. प्रोग्रामने पुन्हा मूळ सीडी मागितली.

काकांनी विचारलं, सीडी घातलीत ना? हितेंद्र म्हणाला, घातली. मग? सीडीत उघडून पाहिलं तर ती एकच फाईल, जशीच्या तशी, पेटीत पेटी ठेवावी तशी. हितेंद्र म्हणाला, आता लालबागला जाऊ. काकांनी चपला घातल्या.

अनुजाने त्यांना चहा प्यायला बसवलं आणि तोवर टेबलाचा खण उपसला. तळाशी एका जुन्या प्रुफाच्या पाठीवर अप्पांचं टपोरं, वळणदार अक्षर होतं.

'संगणक बंद करून चालू केल्यास: खाली उजव्या कोपऱ्यात छोटी खूण आहे, तो खोटा ड्राइव्ह. त्यावर क्लिक. माउंट म्हणणे. डीमधली प्रत दाखवणे. सीडी घातली असे प्रोग्रामला वाटते. मग गप्प बसतो. सीडी लागत नाही, राइटही करावी लागत नाही. सीडी गॅलरीत लावली तरी चालेल.'

तिने तसंच केलं. माय कॉम्प्युटरमध्ये नसलेल्या ड्राइव्हमध्ये नसलेली सीडी दिसायला लागली. प्रोग्राम उघडला. हितेंद्रने मानसीचा ड्राइव्ह पिशवीत भरला.

'उत्तरकार्य' नावाच्या फोल्डरात शहाऐंशी फायली होत्या. अनुजाने सगळ्यात अलीकडची उघडली, दुसऱ्या मजल्यावरच्या जाईबाईंची. काळी बारीक चौकट, मजकूर, नावं, नावांत ती मोकळी ओळ. पत्र उजवीकडे थोडं कापलं गेलं होतं म्हणून तिने पान पडद्यावर लहान केलं.

पानाच्या कडेबाहेर पडद्यावर करडी जागा असते. जुळणारा नको असलेल्या गोष्टी तिथे ओढून ठेवतो, त्या छापल्या जात नाहीत. तिथे एका छोट्या चौकटीत लिहिलं होतं, 'अनुजा'.

जाईबाईंशी तिचं काहीच नातं नव्हतं. तिने त्याच्या आधीची फाईल उघडली, मग त्याच्या आधीची. प्रत्येक पानाबाहेर, त्याच जागी, तीच चौकट होती. उघडत उघडत ती नऊ वर्षं मागे आईच्या पत्रापाशी पोचली. त्याच्याही आधीच्या फायलींत काही नव्हतं. म्हणजे अप्पांनी आईच्या पत्रात तिचं नाव जुळवलं होतं, मग पानाबाहेर काढून ठेवलं होतं, आणि पुढच्या प्रत्येक माणसासाठी तेच पत्र उघडून फक्त मजकूर बदलला होता. चाळीतल्या माणसांची नावं बदलत गेली. हे कुणी पुसलं नाही.

तिने आईचं पत्र नव्या नावाने सेव्ह केलं. आईच्या जागी अप्पांचं नाव आणि तारीख घातली, शोकाकुलमधलं अप्पांचं नाव काढलं. मग बाहेरची चौकट माउसने धरून आत ओढली. ती मोकळ्या ओळीत बसली. लहानमोठी करावी लागली नाही.

काका चष्मा लावून मागे येऊन उभे राहिले. त्यांनी पत्र वरपासून वाचलं आणि त्या ओळीपाशी थांबले.

"ह्यां खयसून इला?"

"इथंच होतं," अनुजा म्हणाली. "आईच्या वेळचं आहे. बाजूला ठेवलेलं."

तिने त्यांना आईची मूळ फाईल उघडून दाखवली. काकांनी वाकून त्या करड्या जागेवर बोट ठेवलं. आईच्या पत्राचं प्रुफ तपासायला त्या वेळी तेच याच खोलीत, याच खुर्चीवर बसले होते.

"मियाच काढूक सांगितलंय," ते म्हणाले. "माका वाटला, तेणां पुसल्यान."

कपातला चहा गार झाला होता. तो त्यांनी तसाच संपवला. मग ते म्हणाले की नुसतं अनुजा बरं दिसत नाही, पुढे आडनाव घालावं लागेल. हितेंद्र म्हणाला, माहेरचं की सासरचं, आधी ते ठरवा.

"अप्पांनी घातलेलं नाही," अनुजा म्हणाली.

काकांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

"मगे रवांदे."

दीडशे पत्रं छापली. तेराव्यापर्यंत ती वाटून झाली, वाचून झाली आणि रीतीप्रमाणे फाडून झाली. अनुजाने स्वतःचं दादरला उभ्या उभ्या वाचलं आणि फाडलं. फाईल तिने सेव्ह केलेली होती.