वहिनीच्या कॅनव्हासवरची माणसं

आमच्या घराला दार आहे. त्या दाराबद्दल चांगलं बोलायचं तर एवढंच. तिसरा मजला, दोन खोल्या, एक हॉल, खाली रस्ता. दार रोज उघडतं, वाऱ्याने आपटतंही. फक्त आम्हा तीन बाप्यांपैकी कुणी त्यातून बाहेर पडत नाही. पडता येत नाही. तुम्ही म्हणाल, म्हातारा थापा मारतोय. मारतो मी कधीकधी. पण याला साक्षीदार आहेत, आणि ते कुठे पळूनही जाऊ शकत नाहीत. केव्हाही या, विचारा.

सुरुवात झाली ती वहिनीच्या हौसेपासून. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली. निवृत्त झाल्यावर एक दिवस तिने माणसाएवढा उंच कॅनव्हास घरात आणला आणि दारासमोरच्या भिंतीला टेकवून ठेवला.

"यावर आपलं अख्खं घर लावायचं," ती म्हणाली.

दादा म्हणाला, "घर तर आहेच की. त्याला परत कशाला लावायचं?"

"घर आहे हो. पण माणसं कधी जागेवर असतात का?"

त्यात खोच होती. जाणारा माणूस परत येतो, यावर वहिनीचा कधी विश्वासच बसला नाही. तिचे वडील वर्तमानपत्र आणायला म्हणून खाली उतरले होते, ते अजून येतायत. तेव्हापासून कुणी चपला घातल्या की हिचा चेहरा पडतो. दादा कचऱ्याची बादली घेऊन खाली गेला तरी ही खिडकीत उभी.

तर कॅनव्हास. आधी तिने त्यावर जुन्या पडद्यांचे तुकडे, बसची तिकिटं, शिवणाच्या मापाचे कागद असं काय काय चिकटवलं आणि वरून रंगाचे फटकारे ओढले. मग आली माणसांची पाळी. फोटो नुसता डकवायचा नव्हता. झेरॉक्सवाल्याकडून त्याची साध्या कागदावर प्रत काढायची, कॅनव्हासवर दह्यासारखा घट्ट जेल फासायचा, त्यावर ती प्रत पालथी घालायची आणि जुन्या कार्डाने दाबून दाबून हवा काढायची. वाळलं की ओल्या स्पंजने कागद भिजवायचा आणि बोटांच्या टोकांनी घासायचा. आंघोळीत मळाच्या निघतात तशा कागदाच्या वळ्या निघतात. कागद सगळा जातो, शाई तेवढी राहते, आणि खालून माणूस वर येतो.

माणूस नीट आला की वहिनी म्हणायची, "बसला!" आणि वरून वार्निशचा हात फिरवायची.

पहिला दादा बसला. तरुणपणीचा, सायकलला टेकलेला. पालथं घातलं की डाव्याचं उजवं होतं, त्यामुळे कॅनव्हासवर दादाचा भांग उजवीकडे गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा आरशासमोर ओरडला. त्याचा खरा भांगही उजवीकडे गेला होता. तेल लावा, पाणी लावा, केस ऐकेनात. चहाचा कपही तो डाव्या हाताने उचलायला लागला.

"वय झालं की असं होतं," वहिनी म्हणाली.

संध्याकाळी दादा फिरायला निघाला. बूट घातले, काठी घेतली, दार उघडलं, आणि उंबऱ्याशी थांबला. पुढचा पाय उचलायचा म्हटलं तर उचलेना. खिळे ठोकल्यासारखा. मागे यायला मात्र तोच पाय एकदम राजी. डॉक्टर घरी आले, गुडघ्यावर हातोडी मारली. दादाने अशी लाथ उडवली की डॉक्टरांचा चष्मा उडाला. "पाय उत्तम आहे," डॉक्टर म्हणाले आणि घाईने गेले.

मी पोट धरून हसलो. हसायचं ते हसून घेतलं ते बरं केलं, कारण पुढच्या आठवड्यात वहिनीने मला बसवलं. फोटो नुकताच, घरातच काढलेला. मी टेबलाशी बसलोय आणि मागे स्वयंपाकघराच्या दारात आमचा नळवाला वाकलाय, टोपी घातलेला, हातात पाना. बिचारा गळका नळ दुरुस्त करायला आला होता, फोटोच्या कडेला आला एवढाच त्याचा गुन्हा. वहिनी म्हणाली, "कापायचं कशाला? रचना छान जमलीय."

नळवाला विसरलेला पाना न्यायला परत आला, आणि राहिला.

त्याची बायको खाली रस्त्यावर उभी राहून ओरडायची, "येताय घरी, की तिथेच संसार मांडलाय?"

"अगं, पाय निघत नाही!"

"कुणापासून निघत नाही ते सांगा आधी!"

मग खिडकीतून मला पुढे करायचे. माझं थोबाड बघितलं की तिचा संशय फिटायचा. ती दोरीला डबा बांधायची, आम्ही वर ओढायचो. रागात असली की दोरीला अशा गाठी मारायची की डबा सुटेपर्यंत जेवण थंड.

आता सांगा, तीन बाप्ये एका हॉलमध्ये दिवसभर काय करणार? नळवाल्याने घरातले नळ पुनःपुन्हा आवळले. इतके आवळले की तोंड धुवायचं तरी त्याला हाक मारावी लागायची. दादा टेबलाभोवती फेऱ्या मारायचा. त्याच्या फेऱ्यांनी फरशीवरची फुलं पुसली, मग फरशीही खोलगट झाली. पाणी सांडलं की टेबलाभोवती गोल तळं साचतं. मी खिडकीशी. समोरच्या दुकानदाराचे केस काळ्याचे पांढरे आणि परत पांढऱ्याचे काळे झालेले मी तिथूनच बघितले. दाराशी आमच्या चपला ओळीने. त्यांच्यावर धूळ बसायची, वहिनी ती रोज पुसायची, आणि पुसताना तिच्या तोंडावर असं समाधान की बोलणाऱ्याची जीभ अडखळावी.

बोललो नाही असं नाही. दादा एकदा म्हणाला, "अगं, हे तुझ्या त्या कॅनव्हासमुळे झालंय."

"मी काय चेटकीण आहे?" वहिनीचे डोळे भरून आले. "चार माणसं एकत्र बसलेली बघवत नाहीत का तुम्हाला?"

शिवाय बाजार तिचा, बिलं तिची, झेरॉक्स तिचं. सगळ्यांना धरून बसलेली बाई दिवसातून चारदा तीन जिने चढायची. ती एकटीच कॅनव्हासवर नव्हती, कारण फोटो काढणारी तीच.

आणि अशात पुतणी बऱ्याच वर्षांनी घरी आली. दादाची एकुलती एक पोर, लहानपणापासून खांबावर नि झाडावर चढणारी, म्हणून आम्ही तिला खारू म्हणतो. लांबच्या शहरात ती क्रेन चालवायला शिकली होती. आता एका बंदरावर तिला नोकरी लागली होती, उंच क्रेनच्या अगदी वरच्या केबिनमध्ये. सोमवारी हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याची. मधले चार दिवस आईबापांना भेटायला आली होती.

आली तशी मी तिला कोपऱ्यात घेतलं. "खारू, आईला फोटो देऊ नकोस."

"काका, तुमच्या थापा मी दुधाच्या दातांपासून ऐकतेय."

"थाप नाही गं. नळवाल्याला विचार."

नळवाला म्हणाला, "ताई, मी नळ बघायला आलो होतो. माझी मुलगी तेव्हा रांगत होती. आता खालून मला टाटा करते."

पोरगी हसायची थांबली. बापाला म्हणाली, "बाबा, जरा खाली जाऊन या बघू." दादा उठला, उंबऱ्यापर्यंत गेला, आणि तिथे उभा राहून जिन्याकडे नुसता बघत राहिला. तिने त्याचा हात धरून ओढला. सगळ्या ताकदीने ओढला. क्रेनवाली पोर ती, पण बाप तसूभर हलला नाही.

मग आम्ही घरातले तिचे सगळे फोटो गोळा केले आणि बादलीत भिजवून लगदा केला. वहिनीने मोबाइल हातात घेतला की खारू तोंडासमोर ताट धरायची.

"एवढी काय लाजतेस?" वहिनी म्हणायची. "मधली जागा ओकी ओकी दिसते गं. आत्ताचा, मोठेपणीचा एकच दे ना."

"नाही."

"आईला नाही म्हणतेस?"

"हो. आईलाच नाही म्हणतेय."

वहिनी गप्प झाली. गप्प बाई बोलणाऱ्या बाईपेक्षा महाग पडते, हे मी चाळीस वर्षं त्या घरात राहून शिकायला हवं होतं. खारूच्या नोकरीच्या ओळखपत्रावर तिचा फोटो होता, हे आमच्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. रविवारी ती आंघोळीला गेली, वहिनी ओळखपत्र घेऊन खाली गेली, मोठी प्रत काढून वर आली, आणि खारू आतल्या खोलीत झोपलेली, आम्ही तिघं हॉलमध्ये जेवून डुलक्या काढत असताना तिने जेल फासून पोरीला मधोमध पालथी घातली. केस वाळवायच्या यंत्राने वाळवलीसुद्धा. मला जाग आली त्या घरघरीने. तोवर ती बोटांनी वळ्या काढत होती.

"वहिनी, काय केलंत हे?"

"बघा तरी, किती सुंदर बसली."

खरंच सुंदर बसली होती. मला रडू फुटलं. वहिनीने वर चादर ओढली, आणि खारूला सांगायचा मला धीर झाला नाही.

सोमवारी सकाळी खारू आरशासमोरून आली ती गालाला हात लावून. डाव्या गालावरचा तीळ उजवीकडे गेला होता. तिने कॅनव्हासवरची चादर ओढली, बघितलं, बॅग उचलली, सरळ दाराकडे चालत गेली. आणि उंबऱ्याशी थांबली. एक पाय, दुसरा पाय. मग पाठ करून, मग डोळे मिटून. नळवाल्याने तिला मागून ढकललं, तो स्वतःच चौकटीवर आपटला. खाली न्यायला आलेल्या गाडीने हॉर्न दिला.

ती ओरडेल असं मला वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं, वहिनी ओरडणाऱ्याला पुरून उरते. पण पोरीने बॅग खाली ठेवली, बूट काढले, आमच्या चपलांच्या ओळीत नीट लावले, आणि दादाला विचारलं, "बाबा, तुम्ही कुठल्या बाजूने फिरता?"

दादाने मान खाली घातली. "आधी खिडकीकडे. मग स्वयंपाकघराच्या बाजूने."

"चला."

आणि ती टेबलाभोवती फिरायला लागली. पुढे बाप, मागे लेक, त्याच खोलगट फरशीतून, त्याच्या पावलात पाऊल टाकून. खाली परत हॉर्न वाजला. वहिनी वार्निशचा डबा उघडून ब्रश बुडवून उभी होती. एक फेरी झाली, दुसरी झाली. खारूचे खांदे दादासारखेच पुढे आले होते. तिसऱ्या फेरीला ती आईच्या जवळून गेली आणि तिने वर बघितलंसुद्धा नाही.

वहिनीच्या हातातला ब्रश तसाच राहिला. वार्निशचे थेंब तिच्या पायावर पडत होते.

"थांब," ती म्हणाली.

खारू थांबली नाही.

"थांब गं बाई, बघवत नाही!" वहिनीने ब्रश फेकला आणि पाण्याचं भांडं ओढलं. स्पंज बुडवून पोरीच्या कॅनव्हासवरच्या चेहऱ्यावर दाबला. पाणी खाली ओघळलं. ती घासायला लागली. हलके हलके नाही. भांड्याचं बूड घासावं तसं.

नळवाला किंचाळला, "वहिनी, तोंड जाईल!"

"जाऊ दे!"

कागद तर कालच गेला होता. आता जेल सुटायला लागला, त्याच्याबरोबर शाई. आधी कपाळ गेलं, मग डोळे. डोळ्यांपाशी वहिनीचा हात थबकला. तिने स्वतःचे डोळे मिटून घेतले आणि तेवढी जागा न बघता घासली. तीळ गेला, हनुवटी गेली. बोटांची सालं निघाली तरी थांबली नाही. शेवटी मधोमध नुसतं पांढरं कापड उरलं, थाळीएवढं.

"आता बघ," ती म्हणाली.

खारूने बूट घातले. उंबऱ्याशी श्वास घेतला. पाय पलीकडे पडला, आणि बूट जिन्यात असा वाजला की तिघंही दचकलो. तीसुद्धा दचकली. मग वळून आईला मिठी मारायला परत आत येऊ लागली.

"येऊ नकोस!" वहिनीने दोन्ही हात वर केले. "हात ओले आहेत माझे. जा. जा बघू."

गेली. बूट जिन्यावरून खाली खाली ऐकू येत गेले. आम्ही तिघं खिडकीत चेंगरून उभे. वहिनी खिडकीत आली नाही. जन्मात पहिल्यांदा कुणीतरी जात होतं आणि ती बघत नव्हती.

गाडी वळल्यावर नळवाला खाकरला. "वहिनी, आता हात ओले आहेतच, तर माझंही..."

तिने लगेच स्पंज घेतला. पण आम्हा तिघांवर वार्निश चढलेलं, पाणी नुसतं घरंगळतं. तिने साबण लावून बघितला, लिंबू लावून बघितलं. मग खाली जाऊन स्पिरिट घेऊन आली आणि कापसाने घासायला बसली. दिवसभर घासून नळवाल्याच्या टोपीचा शेंडा तेवढा निघाला.

तेव्हापासून वहिनी एक काम करते. खारूचा फोन आला तरी एका हाताने फोन, दुसऱ्या हाताने कापूस. "वारा फार असेल ना गं वरती? स्वेटर घाल," म्हणते आणि घासत राहते. नवा फोटो तिने लावलेला नाही. मधली पांढरी जागा तशीच आहे.

नळवाल्याचं डोकं आता पूर्ण सुटलं. ते दाराबाहेर जातं, धड आत राहतं. संध्याकाळी त्याची बायको आणि मुलगी जिना चढून वर येतात, पायरीवर बसतात, आणि तो उंबऱ्यावर आडवा पडून, मान बाहेर काढून त्यांच्याशी गप्पा मारतो. काल त्याचा उजवा खांदाही मोकळा झाला. मुलीने तो ओढून बघितला, आणि तो, आई गं, आई गं, करत हसत होता.

त्याच्यानंतर दादा. दादानंतर मी. वहिनीची बोटं पिकलीयत, म्हणून मी तिला कापसाचे बोळे करून देतो.